शेजारची बाटली

सिद्धलिंगअप्पांनी शेजारच्या खाटेखालची काचेची बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

धुरपताबाई डोळे मिटून पडली होती. तिच्या पोटातून निघालेली रबरी नळी बाटलीच्या बुचातून आत गेली होती. तळाशी बोटभर पिवळट पाणी होतं. काल यापेक्षा जास्त होतं, आणि त्याआधी तर दाट पू होता. अप्पांनी बाटली जराशी हलवली. दुकानात तेल पारखावं तशी ती पारखली आणि जिथली तिथं ठेवली. मग ते आपल्या खाटेकडे वळले आणि कमलम्माची बाटली उचलली. तिच्यातला पू कालच्याच जागी होता.

"ठिवा की खाली," कमलम्मा म्हणाली. "लगीन होऊन येवढी वर्सं झाली, मला कधी असं उजेडात धरून बघितलं न्हाई."

"तिची उतरायली," अप्पा म्हणाले.

"उतरू द्या की. तिची हाय."

"आन् तुझी?"

"माझीबी उतरंल. सिस्टर सांगून गेल्या न्हवं, बाटलीला हात लावू नका म्हणून? आन् दुसऱ्याच्या बायकूच्या खाटंखाली किती वाकताल? तिचा नवरा बघंल तर काय म्हनंल?"

तिचा नवरा दारातच उभा होता, पण त्याचं इकडं लक्ष नव्हतं. ग्यानोबा दोन्ही हात पुढं करून उभा होता आणि गंगम्मा मावशी त्याच्या हातावर मगानं पाणी ओतत होती. तो साबण घासत होता, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, एखाद्या शहाण्या पोरासारखा. खालच्या घमेल्यात पाणी पडत होतं. त्या पाण्याकडं बघून अप्पांच्या जिवाला लागलं.

लातूर नवं नवं जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, रंगाचा वास अजून गेला नव्हता, आणि नळाला मात्र पाणी नव्हतं. पाऊस सलग दगा देत होता. गल्लीत टँकर आला की घागरींची मारामारी व्हायची. व्यापाऱ्यांनी ट्रस्ट करून बांधलेल्या या दवाखान्यातही पाणी टँकरचंच. पण डॉक्टर रुद्राणीबाईंचा हुकूम होता की टँकर आला की पहिल्यांदा वॉर्डाच्या दारातली हात धुवायची बादली भरायची, पिण्याचे माठ नंतर. आत येणाऱ्यानं हात धुवूनच यायचं, मग तो डॉक्टर असो की नातेवाईक. लोक कुरकुरायचे. तोंडात घालायला थेंब न्हाई, आन् ही बाई हातावर सांडायली, असं म्हणायचे.

अप्पांनी यातून आपला मार्ग काढला होता. ते सकाळी गंजगोलाईतलं आपलं हळद-मिरचीचं दुकान उघडायचे, दोनचार गिऱ्हाइकं करायचे, शटर ओढून दवाखान्यात यायचे. येताना हातात पितळी तांब्या असायचा. गंगम्मानं मग भरला की ते तांब्या पुढं करायचे.

"ह्याच्यातच वत. आत जाऊन मोरीत धुतो."

गंगम्मा त्यांच्या गल्लीतलीच. ती ओतायची. अप्पा आत जायचे आणि तो तांब्या कमलम्माच्या खाटेखालच्या झाकणाच्या डब्यात रिकामा करायचे. मोरीकडं जायचेच नाहीत. हाताला असतं काय? हळद. हळदीनं कुणाला काय झालंय? कमलम्माला मात्र डोकं धुवायचं होतं. ऑपरेशन झाल्यापासून ती एकच मागणं मागत होती. केसात तेल आणि घाम बसून जट झाली होती, आणि ती सारखी म्हणायची, मरायचं तर मरीन, पण असं वास मारत न्हाई.

कमलम्माच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. ऑपरेशन चांगलं झालं, पण आत पू धरला. धुरपताबाईचं तर आतडंच फुटलं होतं. मुदतीचा ताप अंगावर काढला, चाकूरकडच्या गावात कुणीकुणी मिळेल ती इंजेक्शनं टोचली, एक अर्धवट, दुसरं अर्धवट, आणि शेवटी बैलगाडी, एसटी करत तिला इथं आणलं. आणली तेव्हा ती आज जाते की उद्या अशी होती. अप्पांनीच तेव्हा कमलम्माला म्हटलं होतं, ही काय वाचत न्हाई बघ.

ती वाचली. रुद्राणीबाईंनी तिच्यासाठी कपाट उघडलं.

त्या कपाटाची गोष्ट सगळ्या वॉर्डाला माहीत होती. लोखंडी कपाट, त्यात सगळ्यात भारी इंजेक्शन, आणि किल्ली डॉक्टरीणबाईच्या गळ्यातल्या दोऱ्याला. ती म्हणेल त्यालाच मिळायचं. सकाळ-संध्याकाळ सिस्टर ती छोटी बाटली घेऊन धुरपताबाईच्या खाटेशी यायची आणि अप्पा कमलम्माच्या उशाशी बसून बघत राहायचे. सुई दंडात शिरायची ती धुरपताबाईच्या, कळ यायची अप्पांना.

त्यांचं दुकानदाराचं डोकं होतं. चांगला माल मागं ठेवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "संपला बघा" म्हणायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. माल मागून निघतो तो ओळखीच्यासाठी. मग ही ओळख कसली? खडी फोडायला दुष्काळी कामावर जाणारा ग्यानोबा, त्याला भेटायला येणारी माणसं "जय भीम" करून खाटेभोवती बसणारी. आणि रुद्राणी तर आपल्यातली, उदगीरची, तिच्या बापाच्या आडतीवर अप्पांनी हळद घातलेली. आपली पोरगी आपल्याला "संपला" म्हणते आणि त्यांना मागून काढून देते, हे अप्पांना गिळवत नव्हतं.

ग्यानोबाचा राग यावा असा ग्यानोबा नव्हता, हे आणखी अवघड होतं. डबा उघडला की तो विचारायचा, "अप्पा, भाकर खाता का? आंबाडीची भाजी हाय." उन्हातून आलेल्या अप्पांपुढं तो आपल्या माठातल्या पाण्याचा पेला धरायचा. अप्पा म्हणायचे, आत्ताच पिऊन आलो. घसा कोरडा असायचा. ग्यानोबाला ते कळायचं. तो पेला स्वतः प्यायचा.

एके दिवशी धुरपताबाई उशाला टेकून बसली. ग्यानोबानं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून तिला भरवला आणि ती कशावरून तरी हसली. पोटाला टाके असल्यानं हसताना कळ आली, म्हणून ती हसता हसता "आई गं" म्हणाली, आणि मग दोघंही हसली. अप्पांनी तोंड फिरवलं. कमलम्मा झोपली होती. तिचे ओठ फुटले होते. अप्पा उठले आणि सरळ रुद्राणीबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, ते कपाटातलं आमच्या हिला द्या. पैशाला मी मागं हटत न्हाई."

रुद्राणीबाई तरुण होत्या, पण डोळ्याखाली काळं आलेलं. त्यांनी खुर्ची दाखवली. उठून मागच्या फळीवरून काचेच्या दोन चपट्या थाळ्या आणल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"अप्पा, हे बघा. बाटलीतला पू घेऊन आम्ही या थाळीत जंतू वाढवतो. हा सगळा साका दिसतोय ना, ते जंतू. आणि या कागदाच्या चकत्या, एकेका चकतीवर एकेक औषध. औषध लागू पडलं की चकतीभोवतीचे जंतू मरतात, तिथं स्वच्छ गोल पडतो."

अप्पा वाकले. एका थाळीत प्रत्येक चकतीभोवती मोठा स्वच्छ गोल होता. दुसरी थाळी अख्खी गढूळ होती. कडेच्या एकाच चकतीभोवती गोल पडला होता.

"ही गढूळ धुरपताबाईंची. एवढं एकच औषध उरलंय त्यांना. आणि ही कमलम्माची. साधं औषधसुद्धा लागू पडतंय. तेच चालू आहे. ताप उतरतोय, हळूहळू."

"हळूच कशाला? भारी द्या की. लवकर उतरंल."

"त्यानं लवकर उतरत नाही, अप्पा. आणि जिथं गरज नाही तिथं ते वापरलं, की जंतू त्यालाही सरावतात. मग ही शेवटची चकतीपण गढूळ होईल. मग कुणालाच काही उरणार नाही."

"माझ्या बायकूपुरतं बोला."

"तुमच्या बायकोपुरतंच बोलतेय."

अप्पांना थाळ्या दिसल्या, पण पटल्या नाहीत. माल विकायचा नसला की दुकानदार अशी पुष्कळ कारणं सांगतो. ते तिथून निघाले ते थेट धोंडप्पांच्या डाळमिलवर गेले. धोंडप्पा ट्रस्टचे मोठे विश्वस्त. मिलच्या ओट्यावर डाळीच्या धुळीनं पांढरे होऊन बसले होते.

"सिद्धलिंगा, तू म्हणतो ते खरं हाय," धोंडप्पा म्हणाले. "पर मी काय करू? माझ्या सख्ख्या भावाला न्हाई दिलं तिनं. मी म्हणलं, बाई, कपाट मी दिलंय. ती म्हणाली, कपाट घेऊन जा, किल्ली देत न्हाई."

"मग भाऊ?"

"भाऊ काय, हिंडायलाय. साध्यावरच उठला. त्येचाच मला लई राग आला."

धोंडप्पा हसले. अप्पांना हसू आलं नाही.

त्यानंतर अप्पांचा बाटल्या बघायचा चाळा आणखी वाढला. आल्याबरोबर आधी शेजारची बाटली, मग आपली. ग्यानोबा माठ भरायला गेला, सिस्टर पलीकडं वळली, की त्यांचा हात खाली जायचा. नळी बुचातून सैल झाली असेल तर ते अंगठ्यानं दाबून बसवायचे, तिची आणि हिचीही. बाटलीच्या काचेवर पिवळसर बोटं उठायची. धुरपताबाईनं एकदा डोळे उघडून पाहिलं.

"बगा, अप्पा, बगा," ती क्षीण आवाजात म्हणाली. "कमी व्हायलंय न्हवं?"

"व्हायलंय," अप्पा म्हणाले आणि बाटली ठेवून कमलम्माची उचलली.

खाटेखालचा डबा भरला त्या दिवशी अप्पांनी कमलम्माचं डोकं धुतलं. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, पट्टी भिजू देऊ नका. त्यांनी कमलम्माला अलगद आडवं सरकवलं, मान खाटेच्या कडेला घेतली आणि खाली घमेलं ठेवलं. शिकेकाई घरून कढवून आणली होती. गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात भिजू नये म्हणून कमलम्मानं ते मुठीत धरून छातीशी घेतलं. अप्पा तांब्यातून बारीक धार धरायचे आणि दुसऱ्या हातानं केस चोळायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या केसांना असा हात कधी लावला नव्हता. केस किती पातळ झालेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"कुठलं आणलं येवढं पाणी?" कमलम्मानं डोळे मिटूनच विचारलं.

"आणलं."

"चोरलं?"

"हाव. तुझ्यासाठी चोरलं."

"मग जरा गार हाय. चोरायचं तर गरम चोरायचं."

शेजारून धुरपताबाई हसली. ग्यानोबा उठला आणि भरलेलं घमेलं उचलून बाहेर ओतून आला. परत येताना दारात थांबून त्यानं हात धुतले. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं कमलम्माचे केस पुसले. मग बाटली वाकडी झाली होती, ती सरळ केली. त्या दिवशी कमलम्माची बाटलीही उतरली होती. खरंच उतरली होती. अप्पांनी ती उजेडात धरून दोनदा बघितली, आणि तरी शेजारची बघितलीच. शेजारची कोरडी पडायला आली होती.

पुढं दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका दुपारी कमलम्माला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. अप्पांनी आपली चादर घातली, ग्यानोबानं त्याची घोंगडी आणून वर टाकली. अप्पांनी त्या वेळी घोंगडी कुणाची हे पाहिलं नाही. कमलम्मानं लिंग मुठीत आवळलं होतं आणि ती अप्पांकडं बघत होती, पण ओळखत होती की नाही ते कळत नव्हतं. साधं औषध चालूच होतं. ताप त्याला जुमानेना. सिस्टर आली, बाटलीतला पू काचेच्या छोट्या नळीत घेऊन गेली. नवी थाळी लावायला.

अप्पा व्हरांड्यात उभे राहिले. मनात एकच चाललं होतं. आधीच दिलं असतं तर. मी सांगत होतो. शेजारची उठून बसली, आणि माझी पडली.

थाळी वाढेपर्यंत त्यांनी दुकान उघडलं नाही. रुद्राणीबाई स्वतः वॉर्डात आल्या तेव्हा त्यांच्या हातात थाळी होती. अप्पांनी ती लांबूनच ओळखली. अख्खी गढूळ, कडेला एकच स्वच्छ गोल.

"ही धुरपताबाईची," ते म्हणाले.

"नाही, अप्पा. ही कमलम्माची."

अप्पांना आधी शब्दच समजले. अर्थ समजला नाही. रुद्राणीबाईंनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली सिस्टरच्या हातात दिली. सिस्टर कपाटाकडं गेली. कडी वाजली. आणि अप्पांच्या अंगातून, एवढ्या दिवसांत कधी आला नव्हता असा, सुखाचा एक झटका गेला. मिळालं. शेवटी मिळालं.

ग्यानोबानं ते ऐकलं होतं. तो उठून जवळ आला. त्याच्या तोंडावर मनापासूनचा आनंद होता.

"बरं झालं, अप्पा," तो म्हणाला. "आता आक्कालाबी आमच्यावालंच मिळालं. बघा, आता कशा उठून बसतेत."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग धुरपताबाईकडं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या खाटेखालची बाटली सकाळीच काढली होती. जमिनीवर नुसता बाटलीच्या बुडाचा गोल डाग राहिला होता.

रुद्राणीबाई दाराशी उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण तुटक होता.

"गंगम्मा, हा जंतू कमलम्माच्या पोटात नव्हता. शेजारच्या खाटेवरून आलाय. उडून येत नाही तो, कुणाच्यातरी हातानं येतो. न धुतलेल्या हातानं कुणाला आत सोडलं?"

"कुणाला न्हाई, बाई."

"नीट आठव. ड्रेसर? सिस्टर? कंटाळून कधी सोडलं असशील."

"शपथ घालते. एकालाबी सोडलं न्हाई. मी हितून हालत न्हाई. सगळ्यांच्या हातावर मी सोता..."

गंगम्मा बोलता बोलता थांबली. तिची नजर अप्पांच्या हातातल्या तांब्यावर गेली होती. तिनं लगेच ती काढून घेतली आणि खाली घमेल्याकडं बघायला लागली. "चुकलं आसंल, बाई," ती पुटपुटली. "माझंच चुकलं आसंल."

अप्पांनी तांब्या खिडकीत ठेवला. तो ठेवायला त्यांना वेळ लागला, कारण खिडकीत जागा सापडत नव्हती. मग ते दाराशी गेले.

"बाई, गंगम्माला बोलू नका."

रुद्राणीबाई वळल्या. अप्पांनी दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले, तळवे वर करून. दुकान बंद होतं, तरी बोटांच्या पेरांत आणि नखांत हळद तशीच होती. रुद्राणीबाई त्या हातांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून कमलम्माच्या खाटेखाली बघितलं. तिथं बाटली होती, आणि बाटलीच्या मानेवर पिवळी बोटं होती.

सिस्टर कपाटातली छोटी बाटली घेऊन खाटेशी उभी होती आणि सुईत औषध ओढत होती.

"धुवून या," रुद्राणीबाई म्हणाल्या. "सुई देताना त्यांचा हात धरायला कुणीतरी लागेल."

गंगम्मानं मग बादलीत बुडवला. सवयीनं ती थबकली आणि तांब्यासाठी अप्पांच्या हाताकडं पाहिलं. अप्पांनी मान हलवली आणि मोकळे हात पुढं केले.

पाणी हातावर पडलं. घमेल्यात पडताना ते पिवळं झालं होतं. अप्पांनी साबण घासला, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. मगातलं पाणी संपलं. गंगम्मा हात आखडता घेऊन थांबली. बादलीत तळाला पाणी होतं आणि टँकर यायला अवकाश होता.

आतून कमलम्मानं काहीतरी म्हटलं. ती त्यांनाच हाका मारत होती.

अप्पांनी हात मागं घेतले नाहीत.

"आणखी वत, गंगम्मा," ते म्हणाले.